या वर्षीचा अणू

मी गणित शिकवतो. गणिताला फळा पुरतो, आणि शेवटच्या बाकापर्यंत शांतता असावी एवढीच माझी अपेक्षा असते. रसायनाच्या बाईंचं तसं नाही. त्यांना शिकवायला मैदान लागतं, पोतंभर चुना लागतो, आणि त्यांच्या तासाला मुलं जो कालवा करतात त्यात माझी आठवीची बीजगणितं दरवर्षी नेमाने बिघडतात. मी तक्रार करतो, बाई "हो हो" म्हणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बाईंची पद्धत अशी. नववीला अणूची रचना शिकवायची वेळ आली की पुस्तक मिटायचं आणि अख्खा वर्ग मैदानात काढायचा. शिपाईमामा आदल्या दिवशीच चुन्याने वर्तुळं आखून ठेवतात. मधलं छोटं वर्तुळ म्हणजे अणूचं केंद्रक. त्यात काही मुलं छातीवर अधिकचं चिन्ह लावून उभी राहतात, ते प्रोटॉन. त्यांच्यातच दाटीवाटीने कोरा कागद लावलेली मुलं उभी राहतात, ते न्यूट्रॉन. बाकीची वजाचं चिन्ह लावून बाहेरच्या वर्तुळांवरून धावत सुटतात, ते इलेक्ट्रॉन. पहिल्या वर्तुळावर दोघंच मावतात, तिसऱ्याने पुढच्या वर्तुळावर जायचं. कोण काय होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. धावायला सगळे एका पायावर तयार असतात. प्रोटॉन व्हायचं मात्र सगळ्यांच्या जिवावर येतं, कारण तास संपेपर्यंत उन्हात खांबासारखं उभं राहावं लागतं.

अणू कशाचा करायचा हे बाई ठरवत नाहीत. मुलं जेवढी असतील त्यांच्यात जो बसेल तो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणीचा भलामोठा तक्ता आहे. जगातली सगळी मूलद्रव्यं त्यात आपापल्या चौकोनात बसलेली आहेत, प्रत्येकात मागच्यापेक्षा एक प्रोटॉन जास्त. बाई त्या त्या चौकोनाच्या कोपऱ्यात त्या वर्गाचं साल पेन्सिलीने लिहून ठेवतात. मग तो वर्ग जन्मभर त्याच नावाने ओळखला जातो. बाजारात एखादा मिशीवाला बाप्या पिशवी खाली ठेवतो, बाईंना वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "बाई, ओळखलंत का? मी क्लोरीन." माझी बायको एकदा बरोबर होती. ती घरी येईपर्यंत हसत होती.

एखाददुसरं मूल कमी पडलं तर बाई मोठ्यांना धरतात. मोठ्यांना न्यूट्रॉन व्हावं लागतं. मी स्वतः बऱ्याचदा झालो आहे. न्यूट्रॉनला धन नाही, ऋण नाही, कुणाची ओढ नाही, नुसतं वजन. हे मी बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग घरी वेगळं काय असतं?"

पण प्रोटॉनच्या बाबतीत बाई कडक होत्या. "न्यूट्रॉन उसना चालेल, इलेक्ट्रॉनसुद्धा चालवून घेऊ. प्रोटॉन वर्गातलाच हवा. प्रोटॉन बदलला की माणूसच बदलला." मुलं हसायची. बाई हसायच्या नाहीत.

आमचं गाव काच कारखान्याचं. प्रयोगशाळेत लागणारी भांडी इथे व्हायची: बीकर, चंबू, परीक्षानळ्या. मी नोकरीला लागलो तेव्हा सगळ्या भट्ट्या चालू होत्या, नववीच्या दोन तुकड्या होत्या, आणि त्या दोन्ही एकत्र करून बाईंनी मैदानात कॅल्शियम उभं केलं होतं. धावणाऱ्या मुलांनी कुंपणापर्यंत धूळ उडवली होती. मग एकेक भट्टी विझत गेली, माणसं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे गेली, आणि आम्ही तक्त्यावर मागे मागे येत राहिलो. क्लोरीन झालं, सल्फर झालं, सिलिकॉन झालं, सोडियम झालं. गेल्या वर्षी नायट्रोजन. यंदा पटावर अठरा मुलं उरली. सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन, सहा इलेक्ट्रॉन. यंदाचा वर्ग कार्बन.

"कार्बन म्हणजे हिरा, बरं का," बाईंनी मुलांना सांगितलं.

"आणि कोळसा," मी खिडकीतून म्हणालो. मला राहवलं नाही.

अठरा हा आकडा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा होता. शिक्षण खात्याचा नियम होता, की नववीत अठरापेक्षा कमी मुलं भरली तर वर्ग बंद करायचा आणि मुलांना नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. तसं झालं तर बाईंना खालच्या वर्गांना पानं-फुलं-प्राणी शिकवावं लागलं असतं. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "सर, मला प्राण्यांचे आवाज काढता येत नाहीत हो." थट्टेत म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

त्या वर्गात एक मुलगी होती. मुलं तिला गोगलगाय म्हणायची, आणि शिक्षकांच्या खोलीत आमच्याही तोंडी तेच नाव बसलं होतं. मुलगी गुणी होती, पण हळू. कमालीची हळू. प्रश्न विचारला की ती खिडकीबाहेर बघायची, मग स्वतःच्या बोटांकडे बघायची, आणि उत्तर यायच्या आत तास पुढे गेलेला असायचा. मी तिला विचारणंच सोडून दिलं होतं. एवढा वेळ कुणाकडे असतो?

तिची आई पूर्वी कारखान्यात बांधणी विभागात होती. बीकर कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम. तो विभाग बंद झाल्यावर तिने शाळेच्या फाटकासमोर, घराच्या पडवीत, शिलाई मशीन टाकलं. मशीनचा आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. पालकांच्या सभेत ती उभी राहून स्पष्ट बोलली होती:

"शाळा दारात आहे म्हणून पोरगी येते. उद्या वर्ग पलीकडे नेलात तर मी काही पाठवायची नाही. डोक्यात काही शिरत नाही तर रोज बसने जाऊन काय करणार? माझ्या शेजारी मशीनवर बसेल, चार शिवणी तरी शिकेल."

"शिरतं हो ताई," बाई म्हणाल्या. "बाहेर यायला वेळ लागतो, एवढंच."

आईने माझ्याकडे पाहिलं. गणितवाला म्हणजे खरं बोलणारा, असा तिचा समज असावा. मी वहीतल्या पानावर काहीतरी खाडाखोड करत बसलो.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा गोगलगायीच्या वाट्याला प्रोटॉन आला. कारखान्यातल्या फोरमनची जुळी पोरं त्याच वर्गात होती, त्यांतला एक प्रोटॉन झाला आणि दुसरा इलेक्ट्रॉन. महिनाभर वर्ग कार्बन म्हणून मिरवला. मग शेवटच्या भट्टीचीही आग कमी केली गेली, फोरमनला दुसऱ्या गावी काम मिळालं, आणि एका सकाळी जुळ्यांचा बाक रिकामा दिसला.

त्या दिवशी बाईंनी वर्ग पुन्हा मैदानात काढला. मी आठवीला समीकरणं घालून खिडकीत उभा राहिलो. उगाच खोटं कशाला बोलू, मला त्यांचं शिकवणं ऐकायला आवडतं. आवाज मुलांचा नकोसा होतो, बाईंचा नाही.

"दोघं गेले," बाई म्हणाल्या. "आता आपण कोण?"

"कार्बनच," वर्गातला पुढारी म्हणाला. "दोन गैरहजर, इतकंच."

"बघू या. इलेक्ट्रॉन एक गेला. बाहेर चार धावत होते, तीन राहिले. त्याने नाव बदलतं का?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"नाही बदलत. अणूची वागणूक बदलेल. तो चिडचिड करेल, कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला बघेल, पण राहील कार्बनच. न्यूट्रॉन गेला असता तर हलका झाला असता, तरी कार्बनच. पण गेला कोण?"

"प्रोटॉन," दोन-तीन मुलं म्हणाली.

"मग संपलं. सहा प्रोटॉन म्हणजे कार्बन. पाच म्हणजे बोरॉन. मध्ये काही नाही. साडेपाच नाही, सुट्टीवर गेलेला प्रोटॉन नाही, परत येईल म्हणून जागा धरून ठेवणं नाही. तक्त्यावर एक घर मागे."

मुलांची तोंडं उतरली. कार्बन हिरा तरी होता. हा बोरॉन कोण कुठला? पुढाऱ्याने तसं विचारलंच. बाई प्रयोगशाळेत गेल्या आणि एक बीकर घेऊन आल्या. तळाशी आमच्याच कारखान्याचा छाप होता.

"साधा काचेचा पेला जाळावर ठेवला तर काय होतं?"

"तडकतो."

"हा का नाही तडकत? तुमच्या आईबाबांनी केलेल्या काचेत बोरॉन आहे म्हणून. ज्या कुणाला वाटतं की बोरॉन म्हणजे काहीच नाही, त्याने घरी जाऊन विचारावं."

बीकर हातोहात फिरला. गोगलगायीकडे आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांत धरला आणि काठावरून अंगठा फिरवला. नंतर मान वर करून केंद्रकातल्या मुलांकडे पाहिलं, ओठ हलवत. ती मोजत होती. पुढच्या मुलाने बीकर तिच्या हातातून काढून घेतला तरी तिचं मोजणं चालूच होतं. मी ते पाहिलं आणि समीकरणांकडे वळलो.

पटाच्या मोजणीला खात्याचे साहेब येणार असल्याचं कळलं त्या दिवशी हेडसरांच्या पाचावर धारण बसली. हेडसर माणूस वाईट नाही. शाळा टिकावी म्हणून त्यांनी आजवर किती जणांचे पाय धरले असतील, त्याला गणती नाही. त्यांनी मला आणि बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"साहेब येतील तेव्हा नववीचा तास मैदानात ठेवा," ते बाईंना म्हणाले. "तुमचा तो अणू करा. आठवीतल्या दोन उंच मुली तुम्हाला देतो. गणवेश सारखाच. साहेब डोकी मोजतील आणि जातील. जुळ्यांची नावं मी अजून पटावरून काढलेली नाहीत."

"अणू बोरॉनचा आहे, सर," बाई म्हणाल्या. "दोघी आल्या तर एकीला प्रोटॉन करावं लागेल."

"करा की."

"प्रोटॉन उसना आणत नाही मी."

हेडसरांनी कपाळावर हात मारला. "बाई, तो प्रोटॉन नाहीये, आठवीतली पोर आहे! वर्ग गेला तर तुम्ही कुठे जाणार आहात ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"सर, तुम्ही तरी सांगा," हेडसर माझ्याकडे वळले.

मी न्यूट्रॉन. मी म्हणालो, की अठरा आणि सोळामध्ये दोनाचा फरक आहे. याहून निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

बाई खिडकीशी गेल्या. फाटकापलीकडच्या पडवीत मशीन चालू होतं. गोगलगायीची आई पाय मारत होती, आणि तिच्या शेजारी एक रिकामं स्टूल ठेवलेलं होतं. बाईंनी ते स्टूल बराच वेळ पाहिलं असावं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पाठवा दोघींना."

नंतर जिन्यात त्या मला म्हणाल्या, "पानं-फुलं शिकवीन हो मी. पण ती पोरगी एकदा त्या स्टुलावर बसली की उठायची नाही." बाईंनी स्वतःसाठी कबूल केलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

हेडसरांनी स्वतः नववीच्या वर्गात जाऊन तालीम घेतली. "तुम्ही किती?" "अठरा!" "तुम्ही कोण?" "कार्बन!" मुलांना मजा वाटत होती. बाई दारात उभ्या होत्या. गोगलगाय खिडकीबाहेर बघत होती.

साहेब आले तेव्हा ऊन चढलं होतं. पायात नवे कोरे बूट होते, त्यांना चुना लागू नये म्हणून ते वर्तुळांच्या रेषा ओलांडताना पाय उंच उचलत होते. माणूस सौम्य होता. असल्या कामावर सौम्य माणूस पाठवला की जास्त भीती वाटते.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अणूची रचना, साहेब," हेडसर म्हणाले. "आमच्याकडे कृतीतून शिकवतात. कार्बनचा अणू आहे. सहा, सहा आणि सहा."

"वा! मला असं कुणी शिकवलं असतं तर मीही विज्ञानाला गेलो असतो," साहेब म्हणाले आणि मोजायला लागले. केंद्रक सोपं होतं, पोरं उभीच होती. इलेक्ट्रॉननी मात्र त्यांच्या नाकीनऊ आणले. आतल्या वर्तुळावर दोघं एका दिशेने, बाहेरच्यावर चौघं उलट्या दिशेने. साहेबांची मान फिरत राहिली, एकदा सात आले, एकदा पाच आले, शेवटी ते हसले आणि म्हणाले, "थांबा रे बाबांनो जरा." मुलं धापा टाकत थांबली. सहा होते. एकूण अठरा. आठवीतली एक मुलगी अधिकचं चिन्ह लावून गोगलगायीच्या शेजारी उभी होती, दुसरी बाहेरच्या वर्तुळावर. हेडसरांनी सुस्कारा टाकलेला मला माझ्या जागेवरून ऐकू आला. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. काम नव्हतं, पण वर्गात बसवेना.

तिथे ते संपायला हवं होतं. पण साहेबांना मुलांशी दोन शब्द बोलावेसे वाटले. केंद्रकाच्या कडेला सगळ्यात जवळ गोगलगाय होती.

"तू कोण गं?"

"प्रोटॉन," ती म्हणाली. एवढं तिला लगेच आलं.

"शाबास. आणि हा सगळा मिळून अणू कशाचा?"

उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तालमीत सगळ्यांनी ते ओरडून म्हटलं होतं. गोगलगायीने मान वळवली. शेजारच्या मुलीकडे पाहिलं, मग तिच्या पलीकडच्याकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे. बोटं हलत होती. कुणीतरी मागून "कार्बन, कार्बन" असं कुजबुजलं. साहेब थांबले होते. मी त्या मुलीला कधी एवढा वेळ दिला नव्हता.

"बोरॉन," ती म्हणाली.

इलेक्ट्रॉनांपैकी कुणीतरी खिदळलं. हेडसर मोठ्याने हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. "साहेब, ही पोरगी थोडी मंद आहे. मनावर घेऊ नका. कार्बन, कार्बन!"

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "का गं बोरॉन?"

"प्रोटॉन पाच आहेत."

साहेबांनी अधिकची चिन्हं मोजली. "सहा दिसतायत मला."

शेजारच्या आठवीतल्या मुलीकडे तिने बोटही दाखवलं नाही. तिने फक्त बाईंकडे पाहिलं. गणित सोडवून झाल्यावर मुलं वही पुढे करतात आणि तोंडाकडे बघत राहतात ना, तसं.

साहेबही बाईंकडे वळले. "बाई, तुमचा विषय. काय समजायचं? कार्बन की बोरॉन?"

बाईंनी 'कार्बन' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. साहेब गेले असते, वर्ग राहिला असता, पोरगी शाळेत राहिली असती, आणि आणखी एक उत्तर चुकलं म्हणून तिला काही नवीन वाटलं नसतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हणा, म्हणून टाका! एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं? मला बाईंचा राग आला, कारण त्या गप्प होत्या आणि मला पुढचं दिसत होतं.

"बोरॉन," बाई म्हणाल्या. "तिचं बरोबर आहे."

मग त्या आठवीतल्या दोघींकडे वळल्या. "तुम्ही दोघी आपल्या वर्गात जा. छान धावलीस गं तू."

दोघी गेल्या. साहेबांनी पुन्हा मोजलं, आता मोजायला वेळ लागला नाही. हेडसर साहेबांच्या बुटांकडे बघत राहिले. बाई गोगलगायीजवळ गेल्या, तिच्या छातीवरचं अधिकचं चिन्ह एका टाचणीवर लोंबत होतं ते नीट लावलं, आणि वर्गात म्हणतात तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर. पाचच आहेत. अगदी बरोबर."

मुलीचा चेहरा तापून लाल झाला होता. ती हसत होती की काय, मला नीट दिसलं नाही. माझा चष्मा ओला झाला होता. मला ते आवडलं नाही, पण झालं होतं खरं.

वर्ग बंद करण्याचा हुकूम यायला फार दिवस लागले नाहीत. हेडसरांनी बाईंशी बोलणं टाकलं. खोटं बोलायचा प्रयत्न केल्याबद्दल खात्याने त्यांना झापलं होतं, आणि बाईंना काहीच म्हटलं नव्हतं, याचा त्यांना जास्त राग होता. मुलांनी गोगलगायीशी अबोला धरला. मधल्या सुट्टीत ती शिपाईमामांच्या स्टुलाजवळ बसायची. मामा तिला म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळे मला एक वर्तुळ कमी आखावं लागणार बघ पुढच्या वर्षी." ती विचारात पडली. "पुढच्या वर्षी वर्गच नाही मामा," असं तिने म्हटलं, तोवर मामा घंटा द्यायला निघून गेले होते.

वर्ग पलीकडे जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी बाईंना प्रयोगशाळा आवरायला मदत करत होतो. मदत म्हणजे त्या स्टुलावर चढल्या होत्या आणि मी स्टूल धरलं होतं. त्यांनी तक्त्यावर कार्बनच्या चौकोनातलं यंदाचं साल खोडलं आणि एक घर मागे, बोरॉनच्या कोपऱ्यात, तेच साल लिहिलं.

"आता पुढे पानं आणि फुलं," मी म्हणालो.

"आणि प्राण्यांचे आवाज," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवाल का मला? तुम्ही वर्गात ओरडता तो कुठल्या प्राण्याचा?"

तेवढ्यात दारात गोगलगायीची आई येऊन उभी राहिली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. आत या म्हटलं तरी ती उंबऱ्यावरच थांबली. मशीनचा आवाज आज बंद आहे हे मला तेव्हा जाणवलं.

"बाई, जो येतो तो मला बोलून जातोय," ती म्हणाली. "माझ्या पोरीमुळे वर्ग गेला म्हणतात. ती घरी काही धड सांगत नाही. असं काय चुकीचं बोलली ती?"

बाई स्टुलावरून उतरल्या. "चुकीचं काही नाही बोलली."

"मग?"

"बरोबर बोलली. सगळ्यांनी एक उत्तर ठरवलं होतं. हेडसरांनी, मुलांनी, मीसुद्धा मान हलवली होती. तिने स्वतः मोजलं आणि वेगळं सांगितलं. तिचं बरोबर होतं."

आईला हे खरं मानावं की नाही ते कळेना. मग ती माझ्याकडे वळली. सभेत वळली होती तशीच.

"सर, खरं का हे?"

या वेळी माझ्या हातात वही नव्हती. "खरं आहे," मी म्हणालो. "मी तिथे होतो. ती एकटीच बरोबर होती. आम्ही सगळे चुकलो होतो."

"आमची पोरगी?"

"तुमची."

टेबलावर बीकर पुसून उपडे घातले होते. ती आत आली आणि त्यातला एक उचलला.

"काय उत्तर होतं?"

"बोरॉन," बाई म्हणाल्या.

"आमच्या काचेतलं?"

"तेच."

बांधणी विभागातल्या बायका खोक्यात घालण्यापूर्वी करायच्या तसा तिने बीकरच्या काठावरून अंगठा फिरवला, टवका नाही ना ते पाहिलं, आणि तो हलकेच जागेवर ठेवला. मोजपट्टी गळ्यातून काढून तिने हाताभोवती गुंडाळली.

"पलीकडच्या शाळेची बस सकाळी किती वाजता असते?" तिने विचारलं.